गाडी रोज पुसावी का?

सकाळी सहाच्या सुमारास मुलुंड किंवा बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीच्या आवारात डोकावून पाहा. हातात बादली आणि खांद्यावर फडके घेतलेला कोणीतरी एकेक गाडी पुसत पुढे जाताना दिसेल. एका बादलीत चार-पाच गाड्या होतात. पहिल्या गाडीनंतरच पाणी गढूळ होते, पण फडके पुन्हा त्यातच बुडते. महिन्याचे पैसे ठरलेले असतात आणि अट एकच असते : गाडी रोज पुसली गेली पाहिजे. मालकही समाधानी असतो, कारण कामावर निघताना गाडी चकचकीत दिसते.

दोन-तीन वर्षांनी तीच गाडी भर उन्हात पाहिली, तर गडद रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, वर्तुळाकार रेषा दिसतात. रोज निगा राखलेल्या गाडीची ही अवस्था का व्हावी? गाडी किती दिवसांनी धुवावी आणि तिला मेण किती दिवसांनी लावावे, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की कठिनता, पृष्ठताण, आर्द्रता, आम्ल आणि अल्क असे शाळेतले अनेक धडे एका जागी भेटतात. म्हणूनच तो वर्गात आणण्यासारखा आहे.

केसाहून पातळ कवच

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारे लेप असतात, त्यावर अस्तर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक थर. त्याला क्लिअर कोट म्हणतात. या सर्वांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रोमीटर भरते. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे हे कवच केसाहूनही पातळ! सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात मिसळलेली असतात. चकाकी असते ती याच थराची, आणि ओरखडे पडतात तेही यावरच.

पूर्वी असे नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. तिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून २०२३ साली निवृत्त झाली. त्या काळातल्या गाड्यांवर बहुधा वेगळा पारदर्शक थर नसे. रंग थेट उन्हाला तोंड देई, त्याचे ऑक्सिडीकरण होई आणि बोट फिरवले की खडूसारखी भुकटी लागे. ती काढून वर मेण चढवणे हे तेव्हा वारंवार करण्याचेच काम होते. ‘महिन्याला एकदा पॉलिश’ हा सल्ला त्या रंगांना शोभणारा होता. रंग बदलला, सल्ला मात्र तसाच राहिला.

येथे एक फरक ध्यानात ठेवू या. पॉलिश आणि मेण हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची कामे उलट आहेत. पॉलिशमध्ये अतिशय बारीक अपघर्षक कण असतात. ते वरचा थर थोडा घासून काढून ओरखडे सपाट करतात. मेण काहीच काढत नाही, ते वर एक थर चढवते. चाळीस मायक्रोमीटरचे कवच दर महिन्याला घासले, तर किती दिवस पुरेल?

ओरखडे कोण काढतो?

उपनगरांतल्या धुळीत काय असते? रस्त्यावरची माती, बांधकामांवरून उडणारे सिमेंट, बेसॉल्टच्या खडीचा चुरा आणि वाळूचे कण. वाळूतला मुख्य घटक म्हणजे गार, अर्थात क्वार्ट्झ. मोहसच्या कठिनता श्रेणीत तिचा क्रमांक ७ आहे, तर खिडकीच्या काचेचा साडेपाचच्या आसपास. गारेचा कण काचेवर ओरखडा काढतो, मग प्लास्टिकच्या जातीच्या क्लिअर कोटची काय कथा?

नुसती बसलेली धूळ ओरखडे काढत नाही. तिच्यावर फडके दाबून फिरवले की ओरखडा पडतो. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे पातळ पॉलिश कागदाने घासणेच, आणि गढूळ पाण्यातले फडके फारसे वेगळे नसते, कारण आधीच्या गाडीचे कण त्याच्या धाग्यांत अडकलेले असतात. म्हणजे रोज पुसण्याने गाडी रोज थोडी थोडी झिजते.

मग हे ओरखडे वर्तुळाकार का दिसतात? स्वयंपाकघरातले वापरून जुने झालेले स्टीलचे ताट उन्हात धरा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतील. आता ताट न हलवता डोके हलवा. वर्तुळांचा केंद्रबिंदूही तुमच्याबरोबर सरकेल! प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. परंतु प्रकाशाच्या दिशेला आडवे असणारे तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडे परतवतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. गाडीवरचे जाळे हेच.

थांबून चालत नाही असे डाग

रोज पुसू नये, याचा अर्थ गाडीकडे पाहूच नये असा नाही. काही गोष्टी त्याच दिवशी काढाव्या लागतात. पहिली म्हणजे कबुतरांची आणि कावळ्यांची विष्ठा. तिच्यात युरिक आम्ल व काही विकरे असतात. शिवाय उन्हात गडद रंगाचा पत्रा ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, तेव्हा क्लिअर कोट मऊ होऊन प्रसरण पावतो. रात्री तो आकुंचन पावतो आणि वाळून कडक झालेल्या विष्ठेचा ठसा धरून बसतो. असा डाग घासू नये; ओले फडके त्यावर दहा मिनिटे ठेवावे आणि मग अलगद उचलावे.

दुसरी म्हणजे आंब्याखालचा चिकटा. मोहराच्या दिवसांत झाडावरचे तुडतुडे गोड, चिकट रस सोडतात. तो गाडीवर पडतो, त्यावर धूळ बसते, आणि वाळला की साध्या पाण्याने निघत नाही. तिसरी म्हणजे सिमेंटची धूळ. ती अल्कधर्मी असते, आणि सकाळच्या दवाने भिजली की धरून बसते. ती पुसण्याऐवजी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावी.

चौथी गोष्ट मीठ. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प शोषून विरघळू लागते. अंधेरीच्या पश्चिमेला, वेसाव्याच्या किनाऱ्यावर, फुटणाऱ्या लाटांतून बारीक तुषार उडतात आणि वाऱ्याबरोबर मिठाचे कण आणतात. खडा लागून रंग उडालेल्या जागी असा कण बसला, तर पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रियाही वेगाने होते. गंजाची सुरुवात मात्र बहुधा टपावर होत नाही. ती दरवाजाच्या खालच्या कडा, चाकांच्या वरची पोकळी आणि गाडीचा तळ इथून होते. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली, तर आधी तळ धुवायला हवा, आणि नेमका तोच कोणी धूत नाही.

अळवावरचे पाणी

आता मेणाकडे वळू. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पानाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा लेप असतो. पाण्याच्या रेणूंना मेणापेक्षा एकमेकांचे आकर्षण जास्त, म्हणून पृष्ठताण थेंबाला गोल आकार देतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. स्वच्छ काचेवर तो लहान असतो, मेणाच्या सपाट थरावर १०० अंशांच्या थोडा वर आणि कमळाच्या पानावर १५० अंशांहून अधिक.

गाडीसाठी नावाजलेले कार्नोबा मेण हेही पानाचेच आहे. ईशान्य ब्राझीलमधला एक ताडवर्गीय वृक्ष कोरड्या हवेत पाणी वाचवण्यासाठी आपल्या पानांवर ते साठवतो. मधमाशीचे मेण ६३ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते, तर कार्नोबा ८० अंशांच्या पुढे. तापलेल्या पत्र्यावर कोणते टिकेल, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे.

गाडीवर मेणाचा थर अतिशय पातळ, एका मायक्रोमीटरच्या आसपास असतो. तो दगडाचा मार थोपवत नाही. त्याचे काम स्वतः झिजून खालच्या थराला वाचवण्याचे. घाण त्याला चिकटते आणि धुताना सहज सुटते. ऊन, पाऊस आणि विशेषतः कपडे धुण्याची अल्कधर्मी पावडर यांनी तो लवकर जातो. म्हणून धुण्यासाठी पावडर वापरू नये, गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू वापरावा.

मग किती दिवसांनी?

याचे उत्तर दिनदर्शिका देत नाही, गाडी देते. धुतल्यावर टपावर थोडे पाणी शिंपडा. थेंब गोल आणि सुटे राहिले तर मेण शाबूत आहे. पाणी पसरून चादरीसारखे बसले तर मेण लावण्याची वेळ झाली. मुंबईच्या हवेत वर्षातून तीन-चार वेळा बहुतेक पुरे. त्यांतली एक मेअखेर, पावसाआधी, आणि एक ऑक्टोबरमध्ये, ऊन तापू लागताना असावी. आच्छादित जागेत उभ्या राहणाऱ्या गाडीला दोनदाही पुरते.

धुण्याचे म्हणाल तर, उघड्यावर, झाडाखाली किंवा किनाऱ्याजवळ उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा; घाटकोपर-मुलुंडकडच्या इमारतीखालच्या आच्छादित जागेतली गाडी पंधरा दिवसांनी एकदा. पावसाळ्यात टप आपोआप धुतला जातो, पण चिखल तळाला साचतो. तेव्हा लक्ष तिकडे हवे. धुताना आधी नुसते पाणी ओतून कण वाहून जाऊ द्यावेत, मग वरून खाली यावे, आणि फडके पिळण्यासाठी वेगळी बादली ठेवावी.

पाण्याचा हिशेब

पाणीपुरवठ्याच्या नियोजनात शहरी माणसासाठी दिवसाला १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते. मिनिटाला १२ लिटर देणारी नळी दहा मिनिटे सोडली तर १२० लिटर जातात, म्हणजे जवळजवळ एका माणसाचे दिवसाचे पाणी. मुंबईला पाणी सात तलावांतून येते. तुळशी आणि विहार जवळ, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. पण बहुतेक पाणी भातसा, तानसा आणि वैतरणेच्या खोऱ्यातून लांबून आणावे लागते. २०२४च्या जूनमध्ये तलावांतला साठा घटल्याने शहरात १० टक्के पाणीकपात करावी लागली होती.

आता एक गणित वर्गाला घालू या. सोसायटीत ३० गाड्या आहेत. रोज सर्व गाड्या नळीने धुतल्या तर ३,६०० लिटर लागतील. एका बादलीत पाच गाड्या पुसल्या तर १५ लिटरच्या सहा बादल्या, म्हणजे ९० लिटर; पाणी थोडे, पण ओरखडे सर्वांना. रविवार सोडून रोज पाचच गाड्या, प्रत्येकी तीन बादल्यांत नीट धुतल्या तर रोज २२५ लिटर, आणि आठवड्यात तीसही गाड्या होतात. धुणाऱ्याचे पैसे तेवढेच राहावेत, त्याचे काम मात्र अधिक कसबाचे होईल. डाग पडलेली गाडी तेवढी त्याने त्याच दिवशी पाहावी.

शेवटच्या पाण्यासाठी एक सोय आपल्या भिंतीवरच असते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हे हवेतल्या बाष्पाचे असते. त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून ते वाळल्यावर पांढरे ठिपके राहत नाहीत. बोअरचे टँकरचे पाणी आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी यांत क्षार जास्त असतात, म्हणून ते उन्हात अंगावर वाळू देऊ नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

१) आलेखाच्या कागदावर काचेचा तुकडा ठेवा. (कडांना आधी चिकटपट्टी लावा.) अर्ध्या भागावर मेणबत्ती घासून कापडाने चोळा. दोन्ही भागांवर एकाच ड्रॉपरने एकेक थेंब टाका आणि प्रत्येक थेंब किती चौकोन व्यापतो ते मोजा. नंतर काच पावडरच्या पाण्याने धुऊन पुन्हा मोजा.

२) गाडी पुसलेले बादलीतले पाणी रात्रभर स्थिर ठेवा. वरचे पाणी ओतून गाळ वाळवा. चिमूटभर गाळ जुन्या सीडीवर ओल्या कापडाने चोळा आणि सीडी उन्हात धरा. गाळातून चुंबकही फिरवून पाहा.

दुसरा प्रयोग झाला की ती सीडी सोसायटीच्या सूचनाफलकाशेजारी लावायला विद्यार्थ्यांना सांगावे. रोज गाडी पुसून घेणाऱ्याला लेख वाचायला वेळ नसेल, पण सीडीवरचे जाळे त्याच्या ओळखीचे असेल.