‘हे माझ्या हातचं नाही’

गेल्या लग्नसराईत माझ्या धाकट्या जावेची डावी पापणी अर्ध्यावर उतरली. मुलीच्या हळदीच्या दहा दिवस आधी तिने वसईतल्या एका पार्लरमध्ये कपाळावर बोटॉक्स टोचून घेतलं होतं. टोचणारी डॉक्टर नव्हती. पापणी वर यायला महिना उलटला आणि लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो तशाच डोळ्याने निघाले. तो राग अजून गेलेला नाही.

औषधाचा इतिहास थोडक्यात उरकते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं, 1989 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याच्या ध्यानात आलं की त्याने आठ्याही जातात. 2002 मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठीही परवानगी आली. आमच्याकडे वसई-विरारला 2009 मध्ये महापालिका झाली, टॉवर चढले, स्किन क्लिनिकच्या पाट्या लागल्या.

मन रेंगाळतं ते नव्वदच्या दशकात. तेव्हा वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा, विरार आपापलं बघत होते आणि सगळ्यांनाच पाण्याची ओढ होती. माणिकपूरला तळमजल्यावरच्या घरात, पुढच्या खोलीत, आमच्या ताईंचं पार्लर. एक आरसा, एक खुर्ची, टँकरच्या पाण्याने भरलेलं पिंप. विरार लोकलच्या गर्दीतून उतरलेल्या बायका आधी तिथे टेकायच्या, आयब्रो करायच्या, सासरचं माहेरचं बोलायच्या, मग भाजी घेऊन घरी. कुणाच्या गालावर वांग दिसलं की ताई हात मागे घ्यायच्या. म्हणायच्या, “हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरला दाखव.” गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण आपली हद्द त्या ओलांडत नसत. वाडीतून केळी, फुलं घेऊन निघणाऱ्या, उन्हाने रापलेल्या आज्याही त्याच रस्त्याने जायच्या. त्यांच्या सुरकुत्यांचा खर्च काढायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं.

ताईंनी कधीच दुकान आवरलं. आज फेशियल आणि मेहंदीच्या पॅकेजात सुई बसवली जाते, याची मला चीड येते. सुरकुत्या नकोशा वाटणं यात गैर काही नाही. ज्या बाईला हवं तिने जरूर करावं. पण बोटॉक्स स्नायूला नसेकडून येणारा निरोप अडवतं. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पुरता यायला दोन आठवडे लागतात आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. डोकं दुखणं, टोचल्या जागी काळं-निळं पडणं हे नेहमीचं. औषध भलत्या स्नायूत उतरलं तर पापणी पडते आणि ते उलटवणारं औषध नाही, थांबावंच लागतं. आठी घातली नाही तरी दिसणारी खोल रेघ त्याने पुसली जाईलच असं नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या किंवा स्नायूंचा आजार असलेल्या बाईने ते टाळावं.

फिलर, म्हणजे कातडीखाली टोचून भरायची जेल, याहून जोखमीचं. ते रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते.

म्हणून वसई-विरारच्या बायांनो, टोचणाऱ्याचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी मागा. बाटली फ्रिजमधून तुमच्यासमोर काढायला सांगा, तिच्यावरचं नाव आणि मुदत वाचा. फिलरनंतर कातडी पांढरी पडली, असह्य दुखलं किंवा अंधुक दिसू लागलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.