गळ टाकणाऱ्याचा नदीवर हक्क कोणता?

पोटासाठी जाळे टाकणाऱ्या भोयाचा हक्क आपल्याला चटकन समजतो. रविवारी दौंडच्या भीमेवर गळ घेऊन बसणारा कारकून, किंवा शिरूरच्या घोडनदीत बुडी मारून मासा हेरणारा तरुण यांचाही काही हक्क असेल, हे मात्र मनात येत नाही. हौस म्हणजे रिकामपण, अशी आपली समजूत असते. श्रोतेहो, ही समजूत थोडी बाजूला ठेवून कायदा काय म्हणतो ते पाहू.

वाहत्या नदीत मोकळा फिरणारा मासा कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तो धरणे ही चोरी होत नाही. बंदिस्त तळ्यातला मासा मात्र मालकाच्या ताब्यात असतो. तेथे चोरी लागू पडते. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तरी चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू नेणे हे मूळ तत्त्व तसेच आहे. पण चोर नव्हे म्हणून हक्कदार, असे होत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने नद्या व त्यांचे तळ सरकारचे ठरविले. त्याआधी, १९५५ साली, ओरिसातील चिल्का सरोवराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मासे धरून नेण्याचा अधिकार हा स्थावर मालमत्तेतील हितसंबंध आहे. त्या मंडळींनी जमीनदाराला पैसे भरले होते, पण लेखी व नोंदलेला दस्त नव्हता. त्यांचा दावा टिकला नाही. पैसे भरलेल्यांची ही गत, तर नुसत्या गळवाल्याचे काय?

धरणाच्या पाण्यात प्रश्न आणखी अवघड होतो. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण आहे, आणि १९८० साली पुरे झालेल्या उजनीचा फुगवटा भीमेतून दौंड तालुक्याकडे चढतो. अशा जलाशयांची मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची रीत आहे. रोहू, कटला हे मूळचे गंगेकडचे मासे. बीज विकत आणून सोडावे लागते. ज्याने बीज सोडले त्याने हौशी माणसाकडून परवान्याचे पैसे मागितले तर ते न्याय्यच म्हणावे लागेल.

तथापि गळवाल्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. पाण्याखाली भाला घेऊन उतरणारा माणूस आधी मासा पाहतो, मग मारतो; लहान मासा, अंडी धरलेली मादी तो सोडू शकतो. जाळ्याला डोळे नसतात. म्हणूनच फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत पाठीवर हवेचे नळकांडे बांधून भाल्याने मासे मारण्यास मनाई आहे, पण स्वतःच्या दमावर बुडी मारणाऱ्यास नियमांच्या आत मुभा आहे. त्यांनी हौस बंद केली नाही, तिला माप घातले. आपल्या भीमेचे पाणी गढूळ, तेव्हा येथे भाल्यापेक्षा गळच चालायचा. माप मात्र तेच लागू पडेल.

खरा घात करणारे वेगळेच आहेत. सुरुंगाच्या दारूने आणि विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळी दोनशे रुपये ही जरब होती. दुसरा घात वाळूउपशाचा. भीमेच्या दोन्ही तीरांना, शिरूरकडे आणि दौंडकडे, वाळू उपसून पात्रात खड्डे पडतात. पोहणाऱ्याला त्यांचा अंदाज येत नाही आणि माशांची अंडी घालण्याची जागा जाते. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल असा आदेश दिला, पण आदेश दिल्लीत आणि ट्रक रात्री पात्रात! तिसरा घात पुण्याच्या सांडपाण्याचा. मुळा-मुठा ते घेऊन रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते.

या तिन्ही गोष्टींत भोई आणि हौशी माणूस एकाच बाजूला आहेत. म्हणून हौशी मंडळींनी मागावे ते एवढेच: ठेक्याच्या कागदात काठावरून गळ टाकण्याची लेखी तरतूद, ठरावीक शुल्क, दिवसाला माशांची मर्यादा, आणि पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा गळही बंद. ही मागणी त्यांनी ग्रामसभेपुढे आणि संस्थेच्या वार्षिक सभेपुढे एकदम मांडावी; वेगवेगळी मांडली, तर एकमेकांविरुद्ध वापरली जाईल.