अडलेलं करिअर, लगतचं काम

चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कारखान्यात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरचं करिअर अडतं, तेव्हा नोकरी गेलेलीच असते असं नाही. पगार येत असतो. पण पार्ट तेच, व्हेंडर तेच, पदही तेच. मग डेटा सायन्सच्या जाहिराती खुणावू लागतात आणि सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करावीशी वाटते. बहुतेकांसाठी ही वाट तोट्याची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गाठ पडते ती बाविशीतल्या मुलांशी आणि धातू, उष्णता, कंपनं, बिघाड यांची वर्षानुवर्षं कमावलेली जाण मात्र बिनकामाची ठरते. अडलेलं करिअर हलतं ते आपल्या कामाला लागून असलेल्या कामात शिरल्यानं.

इलेक्ट्रिक वाहनांचंच पाहा. पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर ही कामं त्यात उरत नाहीत, त्यामुळे त्या पार्टवर आयुष्य काढलेल्यांची धास्ती खरी आहे. पण बेअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, बॉडी राहतातच, आणि उष्णतेचा प्रश्न तर अधिकच नाजूक होतो. लिथियम-आयन बॅटरी फार तापली तर तिचं आयुष्य घटतं. एक सेल पेटला तर शेजारचे पेटू शकतात. 2022 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्यानंतर सरकारनं एआयएस-156 हे बॅटरीसुरक्षेचं मानक कडक केलं. सेलची उष्णता वाहून कशी न्यायची, बिघाड कुठून सुरू होऊ शकतो, चाचणी कशी घ्यायची, हे प्रश्न रेडिएटर किंवा सिलिंडर हेडवर काम केलेल्या माणसाला परके नाहीत. एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांच्या परिणामांचं विश्लेषण, त्यानं आधीही केलेलं असतं. सेलचं रसायन आणि बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम त्याला नव्यानं शिकावी लागेल, पण ती भर आहे, पुनर्जन्म नव्हे.

प्लांटच्या मेंटेनन्समध्ये किंवा युटिलिटीत अडकलेल्यांसाठी ऊर्जा लेखापरीक्षण हे असंच लगतचं काम. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानं मोठ्या ऊर्जाग्राहक उद्योगांवर बंधनं आणली, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ऑडिटर परीक्षेला पदवीसोबत अनुभवही लागतो. बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप यांच्याशी झगडण्यात गेलेली वर्षं इथे थेट पात्रतेत धरली जातात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. घराचा हप्ता आणि दहा तासांची पाळी सांभाळून शिकायचं कधी? एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पण थकलेल्या माणसाला फुकट व्याख्यानही जड जातं, हे मान्य करायला हवं. म्हणून सुरुवात राजीनाम्यानं करू नये. आपल्याच कंपनीत नव्या उत्पादनाच्या चाचणीचं किंवा वीजबचतीचं छोटं काम मागून घ्यावं. प्रमाणपत्रापेक्षा केलेल्या कामाचा अहवाल मुलाखतीत जास्त बोलतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चाळिशी ओलांडलेल्यांना किंवा मुलांसाठी काही वर्षं थांबलेल्या स्त्रियांना कंपन्या दारातही उभं करत नाहीत. हे खरं आहे, आणि इथे नुसती व्यक्तीची जिद्द पुरत नाही. टाटा समूहानं 2008 मध्ये खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी सेकंड करिअर उपक्रम सुरू केला. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं त्याही आधी महिला वैज्ञानिक योजना आणली. म्हणजे अशा उमेदवारांकडून मानधन देऊन काही महिने प्रत्यक्ष काम करून घेणं अशक्य नाही. पुण्या-संभाजीनगरच्या मध्यम कंपन्यांना एवढी मोठी योजना झेपणार नाही कदाचित. पण समोर बसलेल्या उमेदवाराला बायोडेटातल्या गॅपबद्दल विचारण्याऐवजी एक तुटलेला पार्ट हातात देऊन तो का तुटला असेल, हे विचारणं त्यांना आजही जमण्यासारखं आहे.