कलमाच्या गळ्यातली चिठ्ठी

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, काठ चोळून बघतो, पावतीही मागून घेतो. मग आंब्याचं कलम घेताना "हापूसच ना हो?" एवढ्यावरच कसं भागवतो?

जयगडच्या आमच्या बचत गटाने एका वर्षी मृगाच्या तोंडावर वीस कलमं घेतली. एकाही कलमाला चिठ्ठी नव्हती. कातळात खड्डे मारून ती लावली, उन्हाळ्यात डोक्यावरून हंडे वाहून जगवली. सहाव्या वर्षी मोहोर आला आणि पाच झाडांना लागला चक्क रायवळ! विकणारा म्हणाला, "ताई, कलमाच्या जोडाखालचा खुंटाचा फुटवा वाढवलात तुम्ही." तसं झालंही असेल. पण हातात ना लेबल, ना पावती. भांडणार कशाच्या जोरावर?

नंतर कळलं, महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे. रोपवाटिकेला परवाना हवा आणि झाडाच्या लेबलवर जातीचं, खुंटाचं आणि कलमकाडीचं नाव हवं. कायदा आहे, पण आपण विचारतच नाही!

युरोपात तर 14 डिसेंबर 2019 पासून नियम आणखी कडक झाले. पूर्वी ठरावीक झाडांनाच लागणारा 'वनस्पती पासपोर्ट' आता व्यापाऱ्यांच्या आपसातल्या व्यवहारात लागवडीच्या जवळजवळ सगळ्याच रोपांना लागतो. त्यावर झाडाचं शास्त्रीय नाव, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, माग काढायचा क्रमांक आणि मूळ देश. रोग निघालाच, तर रोप कुठून आलं आणि त्याची भावंडं कुठे गेली, हे शोधता येतं.

हे फार लांबचं वाटतं का? नारळावरची चक्राकार पांढरी माशी भारतात पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत, पोल्लाची भागात आढळली. पुढे ती आपल्या कोकणातल्या माडांवरही आली. अशी कीड रोपांबरोबरही प्रवास करते. म्हणजे चिठ्ठी फक्त जातीची नको, झाडाच्या तब्येतीचा माग लावणारीही हवी.

तेव्हा यंदा कलम घ्याल, तर परवाना विचारा. लेबल वाचा, पक्की पावती घ्या. पानांची खालची बाजू उलटून बघा. कलमाचा जोड नीट सांधलाय का, तेही बघा. आणि लावल्यावर जोडाखालचे फुटवे वेळच्या वेळी काढा, म्हणजे आमच्यासारखं ऐकून घ्यावं लागणार नाही.

पावसात चिठ्ठी गळून पडते, म्हणून आम्ही आता ती गटाच्या वहीत चिकटवतो. मुलांची लसीकरणाची कार्डं नाही का आपण जपून ठेवत? कलमही पुढच्या दोन पिढ्यांना फळं देणारं लेकरूच की!