केर-फरशीचे यंत्र

घरातील केर काढून फरशीही पुसणारे स्वयंचलित यंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या गृहस्थापुढे आज जी जाहिरात येते, तीत एक आकडा सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो. तो म्हणजे यंत्राच्या ओढशक्तीचा, पास्कल या परिमाणात मोजलेला, १८,०००, २०,००० किंवा २२,००० असा आकडा. हा आकडा खोटा असतो असे नाही. परंतु ज्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा अंथरलेला नसून शहाबादी, कोटा, मोझॅक वा व्हिट्रिफाइड टाइल्सची उघडी फरशी आहे, त्या घराच्या दृष्टीने तो जवळजवळ अप्रस्तुत होय. अशा फरशीची स्वच्छता अखेर पाण्यावर आणि फडक्यावर ठरते. म्हणून या महागड्या यंत्रांचे तारतम्य पाहताना, ते केर किती जोराने ओढते यापेक्षा ते स्वतःला किती स्वच्छ ठेवते, हा प्रश्न अग्रक्रमाने विचारला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. आणि ते मत का झाले, हे सांगण्यासाठी या यंत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे जरूर आहे.

स्वीडनमधील इलेक्ट्रोलक्स कंपनीने अशा यंत्राचा नमुना १९९६ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवला आणि २००१ मध्ये ‘ट्रायलोबाइट’ या नावाने तो विक्रीस आणला. कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून आणि त्यांचे पडसाद टिपून ते यंत्र अडथळे ओळखत असे. मात्र त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. घराघरांत शिरण्याचा मान मिळाला तो सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेत आलेल्या, २०० डॉलरच्या आत मिळणाऱ्या ‘रूम्बा’ला. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेतील रॉडनी ब्रुक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० साली आयरोबॉट कंपनी स्थापन केली होती. त्यांपैकी ब्रुक्स यांचा सिद्धांत त्या काळच्या पंडितांना धक्का देणारा होता. यंत्राच्या मस्तकात जगाचे सांगोपांग चित्र साठवण्याची मुळीच गरज नाही, कीटकाप्रमाणे त्याला थोड्याशा सहजप्रवृत्ती दिल्या आणि त्या एकमेकींवर योग्य क्रमाने रचल्या म्हणजे त्याचा निर्वाह होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पहिला रूम्बा या विचाराचेच मूर्त रूप होता. तो वर्तुळे मोठी करीत फिरे, भिंत लागली की तिच्या कडेकडेने चाले, खुर्चीच्या पायाला आदळला की अंग वळवून भलत्याच दिशेला निघे, आणि जिन्याच्या काठाशी खाली जमीन नाही हे अवरक्त किरणांनी जाणून मागे सरके. त्याच्याजवळ नकाशा नव्हता. एकाच जागेवरून अनेकदा गेल्यामुळे बहुतेक खोली झाडली जाई, परंतु कोणता कोपरा राहिला हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसे. केर काढण्यापुरती ही पद्धत चालून गेली. फरशी पुसण्याच्या कामी मात्र ती टिकणे शक्य नव्हते, कारण कोरड्या जागेवर दोनदा गेल्याने काही बिघडत नाही, पण ओल्या जागेवरून वाटेल तसे फिरल्यास डागांची रांगोळी होते.

नकाशाचा प्रश्न २०१० साली नीटो या कंपनीच्या यंत्राने सोडवला. त्या यंत्राच्या पाठीवर एक लहानसा फिरता मनोरा होता. तो सेकंदाला पाच फेरे घेई आणि प्रत्येक फेऱ्यात लेसर किरणाने ३६० अंशांतील अंतरे मोजी. समोरच्या भिंतीवर पडलेला ठिपका आतल्या संवेदकावर नेमका कोठे उमटतो, त्या सरकण्यावरून भिंतीचे अंतर काढले जाई. यातील खरी अडचण मोजणीची नव्हे, तर्काची होती. आपण कोठे आहोत हे कळण्यास नकाशा हवा, आणि नकाशा काढण्यास आपण कोठे आहोत हे आधी कळले पाहिजे : नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, तो येथे प्रत्यक्ष यंत्रापुढे उभा राहतो. गणितज्ञांनी त्यातून संभाव्यतेच्या आधारे वाट काढली. यंत्र आपल्या स्थानाविषयी अनेक अनुमाने एकाच वेळी धरून ठेवते आणि प्रत्येक नव्या मोजमापासरशी चुकीची अनुमाने गाळत जाते. अशा रीतीने स्थान आणि नकाशा ही दोन्ही बरोबरीनेच निश्चित होत जातात. आयरोबॉटने २०१५ मध्ये हेच काम कॅमेऱ्याच्या साहाय्याने करून दाखवले, आणि २०१६ मध्ये बीजिंगच्या रोबोरॉक कंपनीने शाओमीसाठी बनवलेल्या यंत्राने लेसरची मोजणी स्वस्त करून ती मध्यमवर्गाच्या हाती दिली. ब्रुक्स यांच्या कीटकाला अखेर नकाशा बाळगावाच लागला. आज चांगल्या प्रतीचे यंत्र पहिल्याच फेरीत घराची मोजणी पुरी करते, खोल्यांच्या हद्दी ठरवते आणि सरळ, समांतर पट्ट्यांत काम करते. देवघरापुढील रांगोळी, पाहुण्यांसाठी अंथरलेली सतरंजी किंवा पंख्याच्या तारांची गुंतवळ असेल तेथे मोबाइलवरील नकाशात बोटाने चौकट आखली की तेवढ्या जागेस मज्जाव होतो. रांगोळीच्या बाबतीत ही काळजी दुहेरी कारणाने घ्यावी : नक्षी पुसली जाते हे एक, आणि तिची दगडाची बारीक भुकटी फिल्टरची छिद्रे लवकर बुजवते हे दुसरे.

आता ओढशक्तीकडे वळू. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. तेव्हा २०,००० पास्कल म्हणजे त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, किंवा दोन मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका दाब. परंतु हा आकडा सामान्यतः यंत्राचे तोंड बंद असताना निर्माण होणाऱ्या दाबाचा असतो, आणि तोंड पुरते बंद असेल तर हवा वाहतच नाही. कण उचलून नेते ती वाहती हवा. म्हणून हवेचा प्रवाह किती आणि ब्रश फरशीला कसा टेकतो, या दोन गोष्टींचे महत्त्व दाबाहून उणे नाही. गालिच्याच्या धाग्यांत रुतलेली वाळू उपसण्यास जादा दाबाचा उपयोग निश्चित आहे. सपाट टाइलवरील पिठी, केस आणि पायांबरोबर आलेली माती मात्र २०,००० पास्कलच्या चौथ्या हिश्श्याच्या दाबानेही सहज उचलली जाते. त्यापेक्षा लांब केसांचा बंदोबस्त ज्या ब्रशने केला आहे, तो अधिक मोलाचा. केसाळ ब्रशच्या दोन्ही टोकांशी केस आवळत जातात, आतील धारव्यात (बेअरिंगमध्ये) शिरतात आणि अखेर कात्रीने कापून काढावे लागतात. आयरोबॉटने २०१३ मध्ये एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन रबरी रूळ आणले ते याच कारणाने, आणि आजची उत्तम यंत्रे त्याच मार्गाने पुढे गेली आहेत. यंत्र गोल आणि कोपरा काटकोनी, ही विसंगतीही अलीकडे कमी झाली आहे, कारण रोबोरॉकच्या यंत्रातील बाजूचा ब्रश आणि ड्रीमी कंपनीच्या यंत्रातील मॉप, म्हणजे पुसण्याचे फडके, आता गरजेनुसार बाहेर सरकून कोपऱ्यात पोहोचतात.

यापुढे येते ते पुसणे, आणि येथेच या यंत्रांच्या घराण्यांतील भेद खरा प्रकट होतो. आरंभीच्या यंत्रांमागे ओले फडके नुसते फरफटत जात असे. पहिल्या दोन लाद्यांवर ते स्वच्छ असे आणि पुढे पहिल्या लाद्यांचीच घाण तिसऱ्या खोलीपर्यंत पोहोचवीत असे. यावर तीन उपाय निघाले. पहिला उपाय रोबोरॉकचा : सपाट फडके मिनिटाला सुमारे ३,००० वेळा थरथरवून घासण्याची ही पद्धत २०२१ मध्ये आली. वाळलेला चहाचा डाग ती चांगला काढते आणि पाणीही बेताचेच वापरते, पण मळलेला भाग धुण्यासाठी यंत्राला तळावर, म्हणजे आपल्या मुक्कामाच्या पेटीकडे, परतावेच लागते. दुसरा उपाय नार्वाल, ड्रीमी आणि इकोव्हॅक्स या कंपन्यांनी रूढ केलेला, दोन गोल चकत्यांचा. त्या मिनिटाला सुमारे १८० फेरे घेत फरशीवर दाब देऊन फिरतात. त्यांचे घासणे जोरदार असते, तथापि त्यांनाही धुण्यासाठी वारंवार परतणे भाग असते. तिसरा उपाय लाटण्यासारख्या फिरत्या रुळाचा. इकोव्हॅक्सच्या २०२५ च्या वरच्या प्रतीच्या यंत्रात असा रूळ मिनिटाला २०० फेरे घेतो. वरून सोळा छिद्रांतून त्यावर स्वच्छ पाणी पडते, पट्टी लगोलग मळके पाणी निपटून काढते, आणि ते पाणी वेगळ्या टाकीत जाते. म्हणजे फरशीला टेकणारा कापडाचा प्रत्येक भाग नुकताच धुतलेला असतो. स्वयंपाकघरातील ओट्याखाली फोडणीच्या तेलाचे शिंतोडे असतात, हळद सांडलेली असते, आमटीचे थेंब वाळलेले असतात. अशा ठिकाणी एकच फडके दोन खोल्यांना पुरवण्याची पद्धत आणि सतत धुतले जाणारे फडके यांतील अंतर, सकाळच्या उन्हात तिरप्या नजरेने फरशीकडे पाहिले की चिकट पट्ट्यांच्या असण्या-नसण्यावरून तत्काळ दिसते. माझ्या मते आपल्या घरांना हा तिसरा प्रकार सर्वांत अनुरूप आहे.

मॉप धुण्याची व्यवस्था तळावर, म्हणजे ज्याला डॉक म्हणतात त्या पेटीत असते, आणि किमतीचा मोठा हिस्सा तिच्यापायीच खर्ची पडतो. केर आपोआप पिशवीत रिता करणारा तळ आयरोबॉटने २०१८ मध्ये आणला; मॉप धुणारा तळ नार्वालने त्यानंतर थोड्याच काळात दाखवला; आणि २०२२ पासून केर रिता करणे, मॉप धुणे, पाणी भरणे व गरम हवेने मॉप वाळवणे ही सर्व कामे एकाच पेटीत एकवटली. धुण्याचे पाणी आता ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवले जाते, ते तेलकटपणा निघावा म्हणून. आणि वाळवणे तर पावसाळ्यात अपरिहार्य ठरते, कारण ओलसर राहिलेल्या कापडाला कुबट वास येण्यास आपल्या हवेत एक रात्र पुरते. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते, त्यांच्या तळातील बारीक नळ्यांत क्षार साचतात. तेव्हा अशा घरी टाकीत मऊ पाणी भरण्याची तजवीज करणे इष्ट. घाण पाण्याची टाकी मात्र कोणतेही यंत्र स्वतः घासत नाही. ते काम घरातील माणसाचेच राहते, आणि ते टाळणाऱ्याने या यंत्राच्या भरीस पडू नये.

घराच्या रचनेतील आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती उंबरठ्यांची. न्हाणीघर, बाल्कनी आणि पुष्कळदा स्वयंपाकघर यांच्या दारात ग्रॅनाइटची उंच पट्टी बसवलेली असते, आणि बहुतेक यंत्रे सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंतच चढू शकतात. ड्रीमीच्या २०२५ च्या एक्स-५० यंत्राला याकरिता आखडणारे पाय दिले असून पायरीवजा दुहेरी उंबरा असल्यास ते सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. त्याच वर्षीच्या रोबोरॉकच्या सारोस-१० ची उंची आठ सेंटिमीटरहून किंचित कमी असल्याने ते सोफ्याखाली सहज शिरते. सारोस झेड-७० ला तर वाटेतील मोजा उचलून बाजूस ठेवणारा, सुमारे ३०० ग्रॅम पेलणारा हात आहे. तो कौतुकास्पद खरा, पण मोजे ज्या घरात वाटेत पडत नाहीत त्या घरी त्यासाठी जादा पैसा मोजण्याचे प्रयोजन नाही.

कॅमेरा असलेल्या यंत्राविषयी एक इशारा गांभीर्याने द्यावासा वाटतो. २०२० साली रूम्बाच्या चाचणी यंत्रांनी घरांतील अत्यंत खाजगी छायाचित्रे टिपली, ती वर्गीकरणासाठी परदेशी कामगारांकडे गेली आणि तेथून समाजमाध्यमांवर फुटली, हे २०२२ मध्ये उघडकीस आले. २०२४ मध्ये अमेरिकेतील काही शहरांत इकोव्हॅक्सच्या यंत्रांचा ताबा परक्यांनी घेऊन त्यांच्या ध्वनिक्षेपकातून अपशब्द ऐकवले. घरात डोळे असलेली वस्तू फिरवायची असेल तर ती चित्रे कोठे साठवते, याची चौकशी खरेदीपूर्वीच केली पाहिजे. ज्यांना ती काळजी नको, त्यांना केवळ लेसरने चालणारी उत्तम यंत्रे उपलब्ध आहेत.

कंपनीच्या स्थैर्याचाही विचार व्हावा, कारण नकाशा आणि आज्ञा बहुधा कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर अवलंबून असतात. नकाशाचा पाया घालणारी नीटो २०२३ मध्ये बंद पडली. आयरोबॉटला विकत घेण्याचा ॲमेझॉनचा २०२२ चा करार युरोपीय नियामकांच्या हरकतीमुळे जानेवारी २०२४ मध्ये मोडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबॉटने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. मार्ग दाखवणारे मागे पडले आणि अग्रस्थान चिनी कंपन्यांकडे गेले, याचे एक मोठे कारण असे की पुसणे हे प्रधान कार्य होय, हे त्यांनी आधी ओळखले.

एवढा खर्च करावा काय, असा प्रश्न उरतो. या वर्गातील यंत्रे अमेरिकेत १,६०० डॉलरच्या आसपास विकली जातात आणि आपल्याकडेही ती काटकसरीची वस्तू नव्हेत. परंतु उकिडवे बसून, गुडघ्यांवर भार घेऊन खोलीमागून खोली पुसणे हे श्रम किती झिजवणारे असतात, हे ज्यांनी आपल्या आईच्या कमरेच्या दुखण्यात पाहिले आहे, त्यांना या खर्चामागील हेतू समजावून सांगावा लागणार नाही. एकटे राहणारे वृद्ध, सांधेदुखीचे रुग्ण आणि दिवसभर घराबाहेर असणारी जोडपी यांना हे यंत्र खरोखर आधार देऊ शकते. निवड करताना सर्व फरशी उघडी असल्यास फिरत्या रुळाचे यंत्र घ्यावे. जाड गालिचे असल्यास मॉप पुरेसा वर उचलणारे किंवा तळावर काढून ठेवणारे घ्यावे. उंबरठे उंच असल्यास आधी पट्टीने त्यांची उंची मोजावी. आणि दुकानात गेल्यावर पास्कलची चौकशी शेवटी करून प्रथम तळ उघडून दाखवण्यास सांगावे : मॉप कोठे धुतला जातो, ती पन्हळ बाहेर काढता येते काय, घाण पाण्याच्या टाकीत हात घालून ती घासता येते काय. ज्या यंत्राचा आतला भाग असा सहज साफ करता येतो, त्यानेच आपली फरशी पुसावी.