एका पंगतीतले संन्यासी

चैत्री यात्रेत आमच्या येरमाळ्याच्या येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेवरच्या रानात माणसांची दाटी होते आणि जो तो खाली वाकून चुनखडी वेचू लागतो. शेजारचा कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. लहानपणापासून हे पाहत आल्यामुळे असेल, पण पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघ या ख्रिस्ती आश्रमाची हकिगत मला कधी परकी वाटली नाही.

आधी पुण्यातल्याच एका चहाची आठवण काढायला हवी. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींसमोर चहा ठेवला गेला. एवढ्यावरून उठलेलं वादळ प्रायश्चित्तापर्यंत आणि थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. ते मिशन इंग्लंडहून आलेल्या, ‘कौली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती संघाच्या संन्याशांचं होतं. म्हणजे ख्रिस्ती मठजीवन पुण्यात आलेलं होतं. पण त्यांच्या हातचा कप तोंडाला लावणं हा गुन्हा होता.

हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यातली ही भिंत आतून पाडू पाहणारा माणूस म्हणजे कवी ना. वा. टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांचं ऋण ते उघडपणे मानत. मराठी ख्रिस्ती माणसानं देवाला आपल्याच चालीत आळवावं, हा त्यांचा ध्यास होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं जागा होती. माझ्या मते त्यांच्या कवितेइतकंच हे धाडस मोठं. पण १९१९ च्या मे महिन्यात ते गेले.

त्यांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो हे अहमदनगरकडच्या खेड्यांत काम करणारे इंग्रज पाद्री. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला आणि काही वर्षांनी पुण्यात शिवाजीनगरला आश्रम उभा राहिला. अंगावर खादी, जेवण शाकाहारी, जमिनीवर मांडी घालून हातानं जेवायचं. ऑक्सफर्डचा पदवीधर आणि खेड्यातला मराठी ख्रिस्ती तरुण एकाच पंगतीत बसत, एकाच घंटेला प्रार्थनेला उठत. राज्यकर्ते आणि प्रजा वेगवेगळ्या डब्यांतून प्रवास करत, तो हा काळ. प्रवचन ऐकून माणूस क्षणभर हलतो. वर्षभर दुसऱ्याच्या शेजारी बसून जेवला की त्याचा ताठा खरोखर उतरतो.

याची साक्ष इंग्रज पाद्री व्हेरिअर एल्विन यांच्या आयुष्यात मिळते. १९२७ मध्ये ते या संघात आले ते धर्मसेवेसाठी. पुढे संघातलेच शामराव हिवाळे यांना सोबत घेऊन ते १९३२ मध्ये मंडल्याच्या गोंडांमध्ये राहायला गेले, कालांतरानं चर्चपासून दूर झाले आणि स्वतंत्र भारताचे नागरिक बनले. आश्रमानं त्यांना घडवलं, पण बांधून ठेवलं नाही.

१९३४ मध्ये संघ दुभंगला. एका शाखेनं ख्रिस्त प्रेम सेवा संघ हे नाव घेतलं. आश्रमाची जागा मात्र ओस राहिली नाही. १९७० नंतरच्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक अशा दोन वेगळ्या संघांच्या भगिनी तिथं एकत्र राहू लागल्या. शतकानुशतकं एकमेकींपासून तुटलेल्या दोन चर्चच्या बायका एका छपराखाली प्रार्थना करत होत्या. सिस्टर सारा ग्रँट आणि जन्मानं पारशी असलेल्या वंदना माताजी त्यांतल्याच.

संघाचे आणखी एक सदस्य, अल्जी रॉबर्टसन, १९३० च्या सुमारास इंग्लंडला परतले. तिथल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्या संघाची नियमावली पुण्याच्या या आश्रमाच्या नियमांवरूनच घेतलेली आहे, आणि तिचा एकेक भाग तिथले संन्यासी आजही रोज वाचतात.