मेणवलीच्या देवळातली चर्चची घंटा

आपल्या महाड-पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढलात की महाबळेश्वर, आणि पलीकडे उतरलात की वाईजवळचं मेणवली. तिथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वरापाशी एक मोठी घंटा आहे. नीट बघा, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे, आणि साल १७०७.

१७३९ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा अशा देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यातलीच. चर्चमध्ये ती उंच मनोऱ्यात असते, दोर ओढून वाजवायची, अख्ख्या गावाला बोलवायला. देवळात आपणच वाजवतो, देवाला आलोय म्हणून सांगायला. काम बदललं, पण मरियम कुणी घासून काढली नाही, हे मला जाम आवडतं. वसई किल्ल्यातल्या बहुतेक चर्चना तर आज छप्परही नाही.